साडेआठ म्हणजे किती टक्के?

निकाल लागला की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती टक्के पडले?" मुलगी सांगते, "आठ पॉइंट पंचावन्न." त्यावर कुणाचंच समाधान होत नाही. "ते ठीक आहे गं, पण टक्के किती?" मग मोबाइलवर ८.५५ गुणिले ९.५ होतं, ८१.२ हा आकडा येतो आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. इथपर्यंत कुणाचं काही बिघडत नाही. पण हाच गुणाकार प्लेसमेंटच्या फॉर्मवर, पीएच.डी.च्या अर्जात, शिष्यवृत्तीच्या छाननीत आणि परदेशी विद्यापीठाच्या पोर्टलवर होऊ लागतो, तेव्हा एखाद्याची संधी हुकते आणि एखाद्याला न मिळवलेले पंधरा टक्के फुकट मिळतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की सीजीपीएचे, म्हणजे सगळ्या सेमिस्टरांच्या ग्रेड पॉइंटांच्या दहापैकी सरासरीचे, टक्के करणं थांबवावं. विद्यार्थ्यांनी, कॉलेजांनी, कंपन्यांनी आणि सरकारी खात्यांनीही. गुणांवरून ग्रेडकडे जाणारा रस्ता पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यासारखा एकेरी आहे. उलट्या बाजूने घुसणारे पुष्कळ असतात, म्हणून तो दुतर्फा होत नाही.

मुळात अक्षर आणि आकडा यांची जोडी कशी लावलेली आहे ते पाहू. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, क्रेडिट पद्धतीसाठी (प्रत्येक विषयाला तासांनुसार वजन देणारी पद्धत) दहाची मोजपट्टी सुचवली. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ ०. गैरहजर असल्यास एबी, त्याचेही ०. पट्टीवर ३, २ आणि १ नाहीतच. पास होणाऱ्याला किमान ४ मिळतात आणि त्याच्या खाली थेट तळ. फूटपट्टीवर चारच्या खाली एकदम शून्य असेल तर तिच्यावरची अंतरं टक्क्यांसारखी मोजता येणार नाहीत, हे इथेच लक्षात यायला हवं.

यूजीसीने अक्षर आणि पॉइंट यांची जोडी दिली, पण किती गुणांना कोणतं अक्षर, हे बहुतांशी विद्यापीठांवर सोडलं. बीची सीमा ५० टक्क्यांच्या आणि बी प्लसची ५५ टक्क्यांच्या खाली नसावी, एवढी शिफारस केली, कारण पदव्युत्तर पात्रतेच्या अटी ५० आणि ५५ वर बांधलेल्या होत्या. बाकीचं ज्याचं त्याने ठरवायचं. त्यामुळे दोन वेगळे तक्ते शेजारच्या दोन कॉलेजांत सुखाने नांदू शकतात. एका तक्त्यात, त्याला पहिला म्हणू, ८० पासून ओ, ७० ते ७९ ए प्लस, ६० ते ६९ ए, ५५ ते ५९ बी प्लस, ५० ते ५४ बी, ४५ ते ४९ सी आणि ४० ते ४४ पी. दुसऱ्यात ओ ९० पासून सुरू होतो, ८० ते ८९ ए प्लस, ७० ते ७९ ए, ६० ते ६९ बी प्लस, ५० ते ५९ बी, आणि खालचे सी-पी पहिल्यासारखेच. ७५ गुणांचा पेपर पहिल्या तक्त्यात ९ पॉइंट देतो, दुसऱ्यात ८. उत्तरपत्रिका तीच, तपासणारे सर तेच.

अक्षरांचा अर्थ काळानुसारही सरकतो. जुन्या सात टप्प्यांच्या यूजीसी मोजपट्टीत बी म्हणजे ५५ ते ६४ टक्के होते, म्हणून प्राध्यापक भरतीच्या जुन्या जाहिरातींत "५५ टक्के किंवा बी ग्रेड" असं लिहिलेलं दिसे. आता दहाच्या मोजपट्टीतल्या बीची शिफारस केलेली किमान सीमा ५० आहे. वीस वर्षांपूर्वीचा बी आणि आजचा बी यांचं फक्त नाव एक आहे. जुनी जाहिरात समोर ठेवून नवी तयार करणाऱ्या ऑफिसात हा घोटाळा सहज होतो, आणि अर्ज बाद झाल्यावर दाद कुठे मागायची हेही उमेदवाराला कळत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब. एका सेमिस्टरला सहा विषय धरू, क्रेडिट अनुक्रमे ४, ४, ४, ३, ३ आणि २, म्हणजे एकूण २०. एका विद्यार्थिनीला ६०, ७०, ६०, ८०, ५५ आणि ८० गुण मिळाले. पहिल्या तक्त्याप्रमाणे तिचे ग्रेड पॉइंट ८, ९, ८, १०, ७ आणि १०. प्रत्येकाला त्याच्या क्रेडिटने गुणायचं: ३२, ३६, ३२, ३०, २१, २०. बेरीज १७१. भागिले २०, म्हणजे एसजीपीए (एका सेमिस्टरची सरासरी) ८.५५. लेखाच्या सुरुवातीचा आकडा हाच.

तिच्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्याला ६९, ६९, ६९, ७९, ५९ आणि ७९ मिळाले. ग्रेड पॉइंट ८, ८, ८, ९, ७, ९. क्रेडिटने गुणून बेरीज १६२, एसजीपीए ८.१०.

क्रेडिटचं वजन धरून दोघांच्या गुणांची सरासरी काढली की चित्र उलटतं. तिची येते ६६.२५ टक्के. त्याची येते बरोबर ७०. जवळजवळ चार टक्क्यांनी पुढे असलेला मुलगा ग्रेडमध्ये ०.४५ ने मागे पडला, कारण त्याचे सगळे गुण पायरीच्या वरच्या काठावर अडकले आणि तिचे सगळे गुण पायरीवर नुकतेच चढलेले होते. मुद्दाम टोकाचं उदाहरण घेतलं आहे, हे मान्य. पण नियम तोच राहतो: पायरीच्या आतला फरक पूर्ण पुसला जातो आणि काठावरचा एक गुण पूर्ण मोजला जातो. चार क्रेडिटच्या विषयात ७९ चे ८० झाले तर वीस क्रेडिटच्या सेमिस्टरचा एसजीपीए ०.२० ने वर जातो. ७१ चे ७९ झाले तर तसूभरही हलत नाही. रिव्हॅल्युएशनचा अर्ज भरण्याआधी विद्यार्थ्याने गुण किती वाढतील यापेक्षा पुढची पायरी किती लांब आहे ते पाहावं. ६८ किंवा ६९ असतील तर फी भरण्यात अर्थ आहे. ६३ असतील तर बहुतेक वेळा नाही.

हीच दोन गुणपत्रकं दुसऱ्या तक्त्यात घातली तर तिचा एसजीपीए ७.५५ होतो आणि त्याचा ७.१०. दोघंही बरोबर एकेका पूर्ण पॉइंटने खाली. अभ्यास, पेपर, गुण काहीच बदललेलं नाही. बदलला तो फक्त तक्ता.

सीजीपीए काढताना एक चूक इतक्या वेळा होते की ती वेगळी सांगायला हवी. प्रत्येक सेमिस्टरच्या एसजीपीएची साधी सरासरी म्हणजे सीजीपीए नव्हे. एका सेमिस्टरला २० क्रेडिट आणि एसजीपीए ७.००, दुसरं सेमिस्टर इंटर्नशिपचं, १० क्रेडिट आणि ९.०० असेल, तर साधी सरासरी ८.०० येते. खरा आकडा (१४० + ९०) भागिले ३०, म्हणजे ७.६७. नापास विषयाचंही तसंच. एफला शून्य पॉइंट असले तरी त्याचे क्रेडिट भाजकात राहतात. वरच्या विद्यार्थिनीचं चार क्रेडिटचं गणित राहिलं असतं तर १७१ मधून ३२ वजा होऊन १३९ भागिले २०, म्हणजे ६.९५ उरले असते. काही विद्यापीठं बॅकलॉग असेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत, काही छापतात. फॉर्म भरणाऱ्याने आपल्याकडे काय होतं ते आधी पाहावं.

आता त्या गुणाकाराकडे येऊ. ९.५ हा आकडा सीबीएसईच्या दहावीचा आहे. सीसीई (सतत आणि सर्वंकष मूल्यमापन) पद्धतीच्या काळात दहावीच्या निकालावर सीजीपीए छापला जाई. ए वन म्हणजे ९१ ते १०० गुण मिळवणाऱ्यांची सरासरी साधारण ९५ येते, तिला १० ने भागलं की ९.५, असा त्यामागचा तर्क होता. तिथे वरच्या सगळ्या पायऱ्या दहा-दहा गुणांच्या होत्या. त्यामुळे त्या तक्त्यापुरता हा गुणाकार निदान सुसंगत होता. ज्या पदवीत ६० गुणांनाही ८ पॉइंट मिळतात तिथे तो लावला की ८ चे ७६ होतात. साठ गुणांचे शहात्तर!

प्रत्येक संस्थेने आपापल्या परीने सूत्रं काढली. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७० आणि ८.२५ म्हणजे ७५. थोडक्यात, सीजीपीएमधून पाऊण वजा करा आणि दहाने गुणा. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या एका पॅटर्नला (अभ्यासक्रमाच्या आवृत्तीला) ७.१ ने गुणून ११ मिळवायचे होते. पुण्यात ८.८ ने गुणण्याचा हिशेबही इंजिनीअरिंगच्या मुलांच्या ओळखीचा आहे. आपल्या विद्यार्थिनीच्या ८.५५ ला ही सगळी औषधं एकामागून एक लावून पाहा. दहाने गुणलं तर ८५.५. साडेनऊने ८१.२. एआयसीटीईच्या रीतीने ७८. आठ पॉइंट आठने ७५.२. मुंबईच्या सूत्राने ७१.७. आणि तिचे खरे टक्के, जे उत्तरपत्रिकांवर लाल पेनाने लिहिलेले आहेत, ते ६६.२५.

यात कुणी लबाडी केलेली नाही. पहिल्या तक्त्यातल्या पायऱ्यांच्या खालच्या सीमा पाहा: ४०, ४५, ५०, ५५, ६०, ७०, ८०. आधी पाच-पाचच्या उड्या, मग दहा-दहाच्या, आणि वर ८० ते १०० अशी एकवीस गुणांची एक प्रशस्त गच्ची. अशा जिन्यावर एक सरळ फळी टाकली तर ती कुठे ना कुठे अधांतरी राहणारच. खालच्या टोकाला तर गंमतच होते. सगळ्या विषयांत जेमतेम पास झालेल्याचा सीजीपीए ४.००. त्याला ८.८ ने गुणलं तर ३५.२, ९.५ ने ३८, एआयसीटीईच्या रीतीने ३२.५. प्रत्येक विषयात ४० किंवा जास्त मिळवलेला मुलगा टक्क्यांत नापास! काही विद्यापीठांनी यावर उपाय म्हणून सीजीपीएचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला वेगळं सूत्र दिलं. फळी जिन्याला जरा जास्त चिकटली, इतकंच. पायरीच्या आत कोण कुठे उभा होता, ही माहिती ग्रेड देतानाच टाकून दिलेली असते. ती कुठल्याही सूत्राने परत येत नाही.

या अंतरांचे परिणाम कागदावरच राहिले असते तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. यूजीसी-नेटसाठी (प्राध्यापक पात्रता परीक्षेसाठी) पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के लागतात, आणि तेही राउंडिंग न करता. पुण्याच्या कॅम्पसवर येणाऱ्या कितीतरी कंपन्यांची "दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्के" ही अट वर्षानुवर्षं जशीच्या तशी आहे. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ ला ६० टक्के मिळतात. ८.८ ने गुणलं तर त्याच ६.७५ चे ५९.४ होतात. म्हणजे तोच मुलगा एका फॉर्मवर पात्र आणि दुसऱ्यावर अपात्र. १६० क्रेडिटच्या पदवीत एकूण क्रेडिट पॉइंट १०८० झाले की सीजीपीए ६.७५ येतो, १०७९ झाले की ६.७४. हा एका पॉइंटचा फरक एक क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये ५९ चे ६० न झाल्यानेही पडू शकतो. टीपीओच्या (प्लेसमेंट अधिकाऱ्याच्या) ऑफिसबाहेर उभं राहून कॅल्क्युलेटर बडवणाऱ्या मुलांचा दोष काय, असा प्रश्न पडतो.

जर्मनीला जाणाऱ्यांचं गणित वेगळं आणि अधिक बोलकं आहे. तिथे सुधारित बव्हेरियन सूत्र चालतं: कमाल ग्रेडमधून मिळालेला ग्रेड वजा करा, त्याला कमाल वजा किमान पास ग्रेडने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० जेमतेम पास. आपल्या विद्यार्थिनीचा ८.५५, कमाल १०, किमान ४ धरले तर १.७ येतो. तिचेच ६६.२५ टक्के, कमाल १०० आणि किमान ४० धरले तर २.७. पूर्ण एका ग्रेडचा फरक, आणि जिथे अट २.५ ची असते तिथे हा फरक आत आणि बाहेर ठरवतो. किमान ग्रेड ४ ऐवजी चुकून ५ टाकला तर १.७ चा १.९ होतो. म्हणून ट्रान्सक्रिप्टवर मोजपट्टी, कमाल आणि किमान पास ग्रेड स्वच्छ छापलेले हवेत. आणि कमाल म्हणजे १०, वर्गातल्या टॉपरचा सीजीपीए नव्हे.

अमेरिकेच्या चारच्या मोजपट्टीसाठी ०.४ ने गुणणं हा आणखी एक लाडका शॉर्टकट. तिथे ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, सी २.०, डी १.०, एफ ०. त्यांच्या पट्टीत पास-नापासाच्या सीमेवर १.० आहे, आपल्या पट्टीत ४ आहे. ०.४ ने गुणलं की आपला जेमतेम पास १.६ होतो आणि आपला "व्हेरी गुड" ८ जेमतेम ३.२. परदेशी मूल्यमापन संस्था प्रत्येक विषयाचा ग्रेड त्याच्या मूळ तक्त्यासकट वाचून त्याला अमेरिकन अक्षर देतात आणि मग सरासरी काढतात. विद्यार्थ्याने स्वतः गुणाकार करून ३.४२ लिहिलं तर त्या आकड्याला तिकडे काही किंमत नसते. झालंच तर संशय तेवढा निर्माण होतो.

सापेक्ष ग्रेडिंग असेल तर टक्क्यांचा विषयच संपतो. आयआयटी मुंबईत एए म्हणजे १०, एबी ९, बीबी ८, असं डीडी म्हणजे ४ पर्यंत उतरतं, आणि एएची सीमा शिक्षक त्या विषयाचा, त्या वर्षाचा निकाल पाहून ठरवतात. अवघड पेपरला ६८ वर एए मिळू शकतो, सोप्या पेपरला ८५ वर एबी. सीबीएसईच्या बारावीत ए वन हा पास झालेल्यांतल्या वरच्या एक-अष्टमांशाला मिळतो. अशा ग्रेडचे टक्के काढणं म्हणजे शर्यतीत दुसरा आला म्हणून त्याचा वेग किती होता ते सांगण्यासारखं आहे.

कॉलेजं स्वतः या बाबतीत फार शहाणी आहेत, हे आवर्जून सांगायला हवं. कॉलेजांना मानांकन देणारी नॅक ही संस्थाही सीजीपीए देत आली आहे, चारपैकी. ३.५१ पासून ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए. ३.३० मिळवलेल्या कॉलेजच्या कमानीवर "ए प्लस, सीजीपीए ३.३०" असं झळकतं. "आमच्या कॉलेजला ८२.५ टक्के पडले" असा फ्लेक्स अजून कुणी लावलेला नाही. स्वतःचा ग्रेड ग्रेड म्हणून वाचायचा आणि विद्यार्थ्याला मात्र टक्के मागायचे!

"मग सरळ टक्क्यांकडेच परत जा," असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. महाराष्ट्र बोर्डाची दहावी अजून टक्क्यांवर चालते, ७५ ला डिस्टिंक्शन, ६० ला फर्स्ट क्लास, सगळ्यांना कळतं. पण ६६.२५ या आकड्यातल्या दशांशाला खरंच अर्थ आहे का? दीर्घोत्तरी प्रश्न दोन परीक्षकांनी तपासला तर दोन-तीन गुणांचा फरक पडणं अगदी नेहमीचं आहे. ६६ आणि ६८ मध्ये खरा फरक नसताना तो आहे असं टक्के सांगतात. ग्रेडने हा खोटा बारकावा काढला, ते योग्यच केलं. माझी तक्रार ग्रेडबद्दल नाही. बारकावा एका हाताने काढायचा आणि दुसऱ्या हाताने सूत्र लावून दोन दशांशांसकट परत घालायचा, हा जो प्रकार आहे त्याबद्दल आहे. पायरीच्या काठावरच्या मुलावर अन्याय होतो हे खरं, पण तो कोणत्याही कट-ऑफला होतोच. सूत्र लावल्यावर तो अन्याय दोनदा होतो.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा: हजारो अर्ज येतात, एक आकडा लागतो. जरूर घ्या. सीजीपीए हाही एक आकडाच आहे. "६.७५ किंवा जास्त, दहापैकी" असं लिहायला काहीच अडचण नाही. ज्या कॉलेजात पाचशे अर्ज एकाच तक्त्यातून येतात तिथे टक्क्यांत रूपांतर करून हाती काही नवीन लागत नाही, क्रमवारी तीच राहते. वेगवेगळ्या विद्यापीठांचे अर्ज असतील तर रूपांतराने ते तुलनीय होतात हा भ्रम आहे, कारण प्रत्येकाने वेगळं सूत्र लावलेलं असतं.

हा प्रश्न येत्या काळात वाढणार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत क्रेडिट एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत न्यायची सोय आहे, त्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स उभी राहिली, वर्षाला ४० क्रेडिट हे माप ठरलं. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे तास, ते कुठेही सारखे मोजता येतात. ग्रेड पॉइंट तसे नाहीत. एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन) कोर्सला ७२ गुण मिळाले की प्रमाणपत्रावर "एलिट" येतं. तेच ७२ पहिल्या तक्त्याच्या कॉलेजात ९ पॉइंट होतात, दुसऱ्या तक्त्याच्या कॉलेजात ८. मग हे ९ आणि ८ एकाच सीजीपीएत मिसळून त्यावर प्रवेश द्यायचे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.ला ७५ टक्के किंवा समकक्ष ग्रेड लागतो. "समकक्ष" या शब्दाचा अर्थ प्रत्येक विद्यापीठ वेगळा लावणार असेल तर क्रेडिट हलले काय आणि न हलले काय.

युरोपने हा घोळ आपल्या आधी घातला आणि निस्तरलाही. ईसीटीएसमध्ये (युरोपच्या क्रेडिट पद्धतीत) सुरुवातीला पास झालेल्यांना ए ते ई अशी अक्षरं वाटली जात, वरच्या १० टक्क्यांना ए, पुढच्या २५ ना बी, मग ३०, २५ आणि १०. देशोदेशींचे ग्रेड या साच्यात बसेनात. २००९ च्या मार्गदर्शिकेत तो साचा सोडून दिला आणि त्याऐवजी वितरणाचा तक्ता आला: या अभ्यासक्रमात किती टक्के विद्यार्थ्यांना कोणता ग्रेड मिळाला, एवढंच छापायचं. वाचणाऱ्याला कळतं की इथे ओ शंभरातल्या तिघांना मिळतो की तिसांना.

आपल्याकडे हे करायला नवा कायदा लागत नाही, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे सगळा डेटा आहेच. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला तीन गोष्टी छापाव्यात. गुणांच्या सीमांसकट पूर्ण तक्ता आणि तो कोणत्या पॅटर्नचा आहे. ग्रेडिंग निरपेक्ष आहे की सापेक्ष. आणि त्या बॅचचं वितरण, ओपासून एफपर्यंत. निरपेक्ष ग्रेडिंगमध्ये मूळ गुण उपलब्ध असतात, तेही पुढच्या बाजूला ग्रेडच्या शेजारी छापावेत. एवढं असलं की ज्याला टक्केच हवेत त्याने गुणांची बेरीज करावी. सूत्राची गरजच उरत नाही. आणि राज्य सरकारच्या, विद्यापीठांच्या जाहिरातींत "समकक्ष ग्रेड" लिहायचं असेल तर कोणत्या मोजपट्टीवर किती, तो आकडाही लिहावा.

हे होईपर्यंत यंदाच्या मुलांना फॉर्म भरायचेच आहेत. पोर्टलवर सीजीपीए आणि "किती पैकी" असे दोन रकाने असतील तर तेच भरा, टक्क्यांचा पर्याय निवडू नका. फक्त टक्क्यांचा रकाना असेल तर आपल्या विद्यापीठाने आपल्या पॅटर्नसाठी दिलेलं सूत्रच वापरा आणि रूपांतराचं प्रमाणपत्र मागून ठेवा. ते ऐन अर्जाच्या आठवड्यात मिळत नाही, आधीच अर्ज करावा लागतो. पॅटर्न बदलला असेल तर सीनियरचं सूत्र चालत नाही. कोणत्याही टप्प्यावर वरच्या पूर्णांकात करू नका, ५९.९५ चे ६० करून लिहिले तर पडताळणीत तो खोटा आकडा ठरतो. दहा ठिकाणी दहा वेगळे टक्के लिहू नका, नोकरी लागल्यावर होणाऱ्या बॅकग्राउंड चेकमध्ये ते सगळे एकत्र समोर येतात. आणि ९.५ चा गुणाकार सीबीएसईच्या त्या जुन्या दहावीच्या बॅचेससाठी ठेवून द्या.